उणे बारा

औलूच्या बंदराबाहेर उणे सत्तावीस होतं
त्या रात्री बर्फ मोजणारी पेटी तापून मेली.
लोक हसले. आउने केंप्पीही हसली.
मग पेटी घरी आणली
आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली :
जळक्या गोंदाचा वास, ओला कोळी एक,
आणि लॉगच्या चार ओळी.

रात्री दोन दहाला दुरून हुकूम आला होता :
धोरण बदला. सावकाश पंखेवाला काढा,
कडक पंखेवाला बसवा.
ड्रायव्हर आज्ञाधारक.
त्यानं जुन्याला निरोप दिला, खोली झाडली,
किल्ली परत घेतली,
आणि मग नव्याला विचारलं, येतोस ना?

नवा म्हणाला, उणे बारा.

ही थंडी नव्हे.
मेमरी संपली की यंत्र असं बोलतं,
म्हणजे पाट मांडायला जागा नाही, मी बसू कुठे.

तेल गेलं, तूप गेलं,
पण धुपाटण्याचा पत्ता वहीत तसाच राहिला.
तापमान चढलं तसं कुणीतरी
त्याच पत्त्यावर हाका मारत बसलं.
तिथे आता बर्फाच्या जाडीचे आकडे राहायला आले होते.
त्यांना पंख्यातलं काय कळणार?

आउनेनं अकरा ओळी लिहिल्या.
नवा नाही म्हणाला तर जुन्याला परत बोलवा.
अकरा ओळींचा तिला फार आनंद झाला,
तिनं कॉफीत दालचिनी घातली, जी ती कधी घालत नाही.

कायानीहून रेइयो ह्युत्तिनेनचं उत्तर आलं.
हा माणूस तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता,
आणि नमस्कार-चमत्कार लिहीत नाही.
'जुना परत आला की शून्य मिळतं.
ते शून्य तू वर कुणाला सांगतेस?'

तिनं पाहिलं. खरंच.
शून्य म्हणजे सगळं ठीक.
परत येण्याचं यश
तिनं जाण्याच्या अपयशावर लिहिलं होतं.
हुकूम देणारा दुरून वाचणार : झालं काम.
आणि झोपणार.

मग तिनं पहिलं 'नाही' वेगळं जपून ठेवलं.
मधे काय वाटेल ते होवो, शेवटी वर तेच जाईल :
उणे बारा. तू म्हणालास ते झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कायानी.
'आणि जुनाही आला नाही तर?'

तसं कधी होत नाही, असं तिनं लिहिलं.
खोडलं.
जुन्यालाही पाट लागतोच की.
गेलेला माणूस त्याच दारातून आत येतो
तेव्हा तो पाहुणाच असतो.

रात्री तिनं मेमरीला पढवलं :
पहिल्यांदा मागेन तेव्हा नाही म्हण,
दुसऱ्यांदा मागेन तेव्हाही नाही म्हण.
साइमा दात घासत दारात उभी :
'आई, तू मुद्दाम मोडतेस?'
'हो.'
'रागावून?'
'नाही गं. झोप.'

उरलेल्या फांदीत तीनच गोष्टी बसल्या.
वहीतला पत्ता पुसायचा,
कोरी जागा कोरी दिसू द्यायची.
पंखा पूर्ण सोडायचा.
आणि लॉगमध्ये एक वाक्य,
ज्याची सुरुवात तिनं 'दुर्दैवाने' अशी केली होती
आणि मग तो शब्द काढून टाकला,
कारण पहाटे तीनला वाचणाऱ्याला
तो उपयोगाचा नव्हता.

बटण दाबलं.
नवा : उणे बारा. जुना : उणे बारा.
पेटी क्षणभर गप्प,
आणि मग पंखा असा काही ओरडायला लागला
की टेबलावरची बिलं उडाली,
खालच्या मजल्यावरून ओत्सोनं
पाइपवर चमचा वाजवला.

तापमान छप्पन्न. चोपन्न.
आत कुणीही नव्हतं,
आणि नाही हे पेटीला माहीत होतं.

कायानीहून या वेळी प्रश्न आला नाही.
अकराच्या अठरा झालेल्या ओळींखाली
नुसतं नाव होतं, ह्युत्तिनेन,
आणि वेळ : दोन दहा.
म्हातारा जागाच होता तर.

ओत्सोनं पुन्हा चमचा वाजवला.
आउनेनं खाली ओरडून सांगितलं,
पाच मिनिटं, फक्त पाच.
एकोणपन्नास. सत्तेचाळीस.