पाचवी तार

मरोळच्या अँसेल्म डिमेलोनं फोनवर विचारलं,
बेंजो दुरुस्त करता का?
करतो म्हटलं. आमचा धंदाच तो.
टायपरायटरसारख्या बटणांचा,
हळदीपासून विसर्जनापर्यंत बडवला जाणारा बेंजो
अख्ख्या चांदिवलीत माझ्याइतका कुणी उघडला नसेल.

त्यानं पिशवीतून काढला तो निराळाच.
डफाला मान फुटावी तसा.
कातडं अंगठ्याएवढं फाटलेलं,
चार खुंट्या डोक्याशी
आणि पाचवी मानेच्या अध्येमध्येच,
दम लागून तिथंच बसल्यासारखी.

"ती तशीच असते," म्हातारा म्हणाला.
"डोंगरातलं वाद्य आहे. ही तार पायथ्यापासून निघत नाही,
अर्ध्या चढावरून निघते."

जहाजावर आचारी होता तो.
नॉरफोकच्या गोदीत कोळसा भरायला
अकरा दिवस अडकले होते.
क्रेनवरचा वेंडेल रोज संध्याकाळी
याच्या हातचं तिखट कालवण खायला यायचा,
डोळे पुसायचा, आणि मग वाजवायचा.
त्याचं गाव आत, डोंगरांच्या घडीत.
दरी इतकी चिंचोळी की ऊन अकराला यायचं
आणि तीनला उठून जायचं.
म्हणून आमची गाणी पळतात, सांगायचा,
उजेड आहे तोवर आटपायचं असतं.
मध्येच एखादी ओळ लांबते,
ती समोरच्या कड्यावरून परत येईपर्यंत
थांबावं लागतं म्हणून.

शेवटच्या दिवशी त्यानं पट्ट्यावरून
धडधडत पडणारा कोळसा दाखवला.
"माझ्या आज्याचा डोंगर तुझ्या जहाजात चाललाय.
हेही ने.
वाजवलं तर ऐकायला समोर कुणी उरलं नाही."
अँसेल्मनं हातातलं घड्याळ काढून दिलं.
दुसरं काय देणार?

कुर्ल्याहून बकऱ्याचं कातडं आणलं.
भिजवलं, ताणलं, दोन रात्री वाळवलं.
तारा चढवल्या. चार लगेच वळणावर आल्या,
पाचवी ऐकेना.
मग कळलं, तिला चाल नसतेच.
बाकीच्या कुठंही भटकू देत,
अंगठा फिरून फिरून तिच्यावर पडतो,
टिण्. टिण्.

हा आवाज मला पाठ होता.
घण उचलताना एक जण सूर ओढायचा,
घण पडताना बाकीचे हुं म्हणायचे,
आणि त्या सगळ्याखाली
छिन्नीवरची सुतकी चालूच.
आमचे बाबा, दुर्गाप्पा धोत्रे,
तेहतीस वर्षं इथल्याच खाणीत.
सुरुंगाआधी शिट्टी व्हायची
तेवढ्यापुरतंच ते टिण् थांबायचं.

टेकडी गेली कुठं, बाबांना विचारावं लागायचं नाही.
हायवेवरून चालताना टाच आपटून सांगायचे,
हा आपला.
विमान उतरलं की वर न बघता,
आपल्यावरच उतरलं.
दुःख नव्हतं त्यांच्या आवाजात.
मला मात्र आज पहिल्यांदा वाटलं
की इतका दगड गेला, आणि त्याचं
एक गाणंसुद्धा आमच्याकडे कुणी बांधून ठेवलं नाही.
की होतं, आणि मी त्याला कामाचा आवाज समजलो?

रविवारी अँसेल्म आला. त्याची बोटं वळत नाहीत आता.
तूच वाजव म्हणाला.
दुकानामागं जाऊन बसलो.
तिथं टेकडीची कापलेली भिंत अजून उभी आहे, चार पुरुष उंच,
तिच्या डोक्यावर पिंपळाची दोन रोपं,
आणि शेजारी बावीस मजल्यांची इमारत.
तिचं नाव हिल व्ह्यू.

मला त्यांची चाल येत नव्हती.
घणाची जी आठवली ती धरली,
अंगठा पाचवीवर सोडला
आणि एक ओळ लांबवली.

नवव्या मजल्यावरून एका बाईनं डोकावून विचारलं,
वरात कुणाची हो?

मी हात आखडता घेतला.
अँसेल्म डोळे मिटूनच म्हणाला,
"वाजव परत.
आणि या वेळी जरा थांब शेवटी.
त्याला यायला वेळ लागतो."