समासातली नोंद

ऑर्क्नीच्या कड्यावर तोफ, शिट्टी, भोंगा.
खाली होडीत थॉर्फिन इस्बिस्टर, मांडीवर वही.

दोन मैलांवर लख्ख ऊन.
कड्यावर वाफेचा पांढरा झुबका उठतो,
म्हणजे भोंगा वाजला.
कानात फक्त वल्ह्यावरून ठिबकणारं पाणी.
तो लिहितो : ऐकू आलं नाही.
साहेब म्हणतात, कानातला मळ काढ.

गुरुवारी धुकं. स्वतःची बोटं दिसेनात.
आणि चार मैलांवर तोच आवाज
वासरासाठी गाय हंबरावी तसा
थेट बरगड्यांत.

पेन्सिल हातातच राहते.
थोरला परतला नाही त्या रात्री
जेमायमा याच कड्यावर
उजाडेपर्यंत घमेलं बडवत होती.

वहीत रकाने तीनच.
समासात तो बारीक अक्षरात लिहितो : घमेलं.
मैलांची जागा कोरी ठेवतो.