चौथी बाजू

तीन भिंतींची खोली ती.
चौथीपाशी पैसे संपले,
आणि मग सवय झाली.

गावभागात, पहिल्या मजल्यावर.
पापड वाळायचे तिथे,
वारा फिरला की सतरंजीवर
हळदीचा पिवळा थर बसायचा,
पंख्याच्या कपात चिमण्या काड्या आणायच्या
म्हणून तीन उन्हाळे पंखा लागला नाही.

आता सुनेच्या मीटिंगा असतात.
शेजारचा कुकर, भंगारवाला, मगदुमांचा कुत्रा
सगळे मीटिंगला हजर.
तेव्हा, काच.

इर्शाद नदाफ टेप घेऊन आला.
वरून मोजलं, अकरा फूट चार.
खालून मोजलं, अकरा फूट तीन.
"घर जरा बसलंय काकू, नदीकडं."
म्हटलं, आम्हीही.

"दोन पल्ले सरकते, दोन फिक्स. चालंल न्हवं?"
म्हणजे अर्धंच उघडणार.
मी बोटांवर काहीतरी मोजत राहिले.

त्या वर्षी आयर्विनचा आकडा
आम्ही तासातासाला विचारत होतो,
सोन्याचा भाव विचारावा तसा.
मग विचारणं थांबलं. जिना दिसेना.
पहाटे याच बाजूने बोट आली,
म्हशीने गोठ्यात मान घालावी
तसं तिचं नाक सतरंजीवर टेकलं.
सासूबाईंना खुर्चीसकट उचललं.
बोटीतून त्या ओरडल्या,
"दार लावून घ्या गं!"
कुठलं दार?
भिजलेली, उपाशी माणसं आम्ही,
वल्हं मारणाऱ्या पोरासकट हसत सुटलो.

"चारही दुमडून एका कडेला नाही जाणार?"
"जातील की. खर्च वाढतोय. कशाला पण?"
"हवेला," मी म्हटलं.
इर्शादने भिंतीकडे पाहिलं,
फरशीपासून वीतभर वर
दोन रंग देऊनही न बुजलेली मातकट रेघ.
त्याचं घर कुठे, मी विचारलं नाही.
कानामागची पेन्सिल काढून
त्याने कागदावर चार बाण काढले,
चारही एकाच दिशेला.

गुरुवारी काच बसली.
शुक्रवारी सकाळी चिमणी धडकली.
जरा वेळ फरशीवर बसून राहिली, मग उडाली.

मी टिकल्यांचं पाकीट आणलं
आणि काचेवर ओळीने लावत गेले,
लाल, लाल, एक काळी, परत लाल.

रात्री दिवा लावला की
त्यातली एक बरोबर माझ्या कपाळावर येते.
बाकीच्या बाहेर,
अंधारात,
नदीच्या अंगाला.