तेरा पॉइंट नऊ

"पाच तास गाडी चालवत्येय,
तरी मागचा फ्रिज कोमट कसा?"
लोक दुकानात शिरतात ते हेच वाक्य घेऊन,
फक्त तासांचा आकडा बदलतो.
हे सिड्यूना. इथून पुढे नलरबॉर,
बाराशे किलोमीटर पठार, झाडांनीही नाद सोडलेला.
पाटीवर बापाचं नाव आहे, स्टॅव्रोस अँड सन.
सन म्हणजे मी. त्यानं पाटी आधी रंगवली,
मुलगी नंतर झाली.

बाई सत्तरीची. ग्लेनिस ट्रेवार्था.
जुनी लँड क्रूझर, मागे सोळा फुटी कॅरॅव्हॅन.
मीटर लावला.
बॉनेटखाली तेरा पॉइंट नऊ.
पलंगाखालच्या बॅटरीवर अकरा पॉइंट आठ.
"मग मधले दोन गेले कुठे?"
वाण्याकडून कमी सुटे आल्यासारखं विचारलं तिनं.

मी जमिनीवर पाठ टेकून खाली सरकले.
सापडली:
बुटाच्या नाडीएवढी वायर, टेपनं बांधत बांधत नेलेली,
टोकाला चिठ्ठी, पेन्सिलनं:
'ट्रेलर प्लस. हात लावू नये.'
"रेजनं टाकली होती," ती वरून म्हणाली.
तिचे बूट जरा मागे सरले.

म्हटलं, आड भरलेला आहे, पोहराही धड आहे,
दोर तेवढा सुतळीचा.
सात मीटर जायचं, सात मीटर यायचं,
वाटेत वायर स्वतःलाच शेकत बसते.
मागे पोचतं ते दात कोरल्याएवढं,
त्यानं पोट कसं भरणार?

"फ्रिजमध्ये काय आहे?"
"व्हायटिंग. सतरा. टंबी बेच्या जेट्टीवर
मी धरले, मीच साफ केले.
कूलगार्डीला बहीण आहे."
मग, मी न विचारताच,
"अकरा वर्षं बोललो नाही आम्ही."
"कशावरून?"
"आईच्या शिलाई मशीनवरून."
"फोन केलात?"
"मासे घेऊन निघाल्येय ना."

मासे मेव्हण्याच्या ऑयस्टर शेडमध्ये ठेवले, बर्फात.
दुपारभर काम.
अंगठ्याएवढी लाल केबल चॅसीच्या कडेकडेनं नेली,
दोन्ही टोकांना फ्यूज,
पलंगाखाली एक चार्जर, लहान वहीएवढा:
पुढून येईल तेवढ्यावर भागवतो
आणि मागे चौदाच्या वर नेऊन देतो.
महाग आहे. मी तसं सांगितलं.
तिनं पर्स न उघडता मान हलवली.

"आणि रात्री इंजिन बंद केल्यावर?"
"रिले सुटतो. मागच्यानं खाल्लं
तरी पुढचा उपाशी राहत नाही."
"तो रेजनंच बसवलाय."
"हो. तो चांगला बसवलाय," मी म्हटलं.
खरंच चांगला होता. खोटं बोलायची वेळ आली नाही.

जुनी वायर कचऱ्यात टाकणार होते.
"दे इकडे." तिनं ती हातावर गुंडाळली,
लोकर गुंडाळतात तशी, कोपर आणि अंगठा,
चिठ्ठी वर येईल अशी,
आणि डॅशबोर्डच्या खणात ठेवली.

तिन्हीसांजेला निघू नका, म्हटलं, कांगारू आडवे येतात.
दुकानामागेच झोपली.
रात्री उशिरापर्यंत तिच्या खिडकीत दिवा होता.
मला बरं वाटलं. बॅटरी धरत होती.

सकाळी सहाला मासे परत भरले.
पश्चिमेच्या सरहद्दीवर मध काढून घेतात, मी सांगितलं,
तर अर्धी बरणी माझ्याच हातात दिली.
इंजिन चालू. मागे जाऊन मीटर लावला:
चौदा पॉइंट दोन.
तिला बोटांनी दाखवलं, आरशातून.
तिनं काय वाचलं कोण जाणे, हात उंचावला.

बिलातले चौदा डॉलर माझ्याकडे राहिलेत,
सुटे नव्हते, येताना घेईन म्हणाली.
येण्याचा रस्ता हाच आहे असं नाही.
कुणी तिकडेच राहतात,
कुणी उत्तरेकडून वळसा घालून घरी जातात.
मध संपला.
नोट गल्ल्यात वेगळी आहे, क्लिप लावून.