दोन लिटर दूध, रोज

या घराला दोन स्वयंपाकघरं.
पुढचं माझं.
मागचं सासूचं, हिल्माचं,
आणि ती गेल्यावर एकोणतीस वर्षं
बटाट्याच्या पोत्यांचं, स्कीच्या जोड्यांचं,
एका मुक्या रेडिओचं.

शेत मुलाच्या नावावर करताना
म्हाताऱ्यांनी कागद केला होता.
पोह्यान्माच्या या सपाटीवर तशी रीतच होती:
हयात असेतो मागची खोली,
रोज दोन लिटर दूध, साय न काढलेलं,
वर्षाला राईच्या पिठाची तीन पोती,
फोडलेलं, वाळलेलं बर्चचं लाकूड
आणि रविवारी चर्चपर्यंत घोडा.
घोडा तेव्हा विकून झाला होता.
तरी लिहिला.

चुली वेगळ्या, धुराडं एकच.
तिनं आधी पेटवली की माझे डोळे चुरचुरायचे,
मी आधी पेटवली की ती भिंतीपलीकडे खोकायची,
गरजेपेक्षा जरा मोठ्यानं.
मधल्या दारापुढे कपाट कुणी सरकवलं,
तिनं की मी,
ताइस्तोला विचारलं तर म्हणायचा,
मी बर्फ उपसत होतो.

दूध मी खिडकीतून द्यायचे.
एनॅमलच्या किटलीत तिनं आतून
खिळ्यानं रेघ ओढलेली:
इथपर्यंत.
सोळा वर्षं मी रेघेखाली कधी गेले नाही.
रेघेवरही नाही.

ओस्मो म्हणाला, ती खोली अशी पडून का?
जर्मन पाहुण्यांना भाड्यानं देऊ.
मग म्हणाला, सौना.
मग फ्रीजरची खोली, शिकारीच्या मांसासाठी.
गवंड्यानं भट्टीवर कान ठेवला, हातोडीनं टकटक केलं,
म्हणाला, ही काढलीत तर धुराडं खचेल,
धुराडं खचलं तर छप्पर.
आणि कॉफी मागितली.
म्हणून भट्टी राहिली.
मग फेब्रुवारीत ताइस्तोचा गुडघा
चौदातल्या नवव्या पायरीवर अडला
आणि वर जाईना, खाली येईना.
तेव्हा खोलीचं ठरलं.
कुणी ठरवलं ते आठवत नाही.

वॉलपेपर खरवडला. खाली दुसरा, त्याखाली तिसरा,
त्याखाली वर्तमानपत्र, त्यात
डुकराच्या पिल्लांची जाहिरात.
ओस्मोनं कपाट ओढलं.
दारात दोन खिळे, चार इंची,
टोकं तिच्या बाजूला निघालेली,
डोकी माझ्या बाजूला.
दोन्ही वाकडे.
मी खिळा नेहमी वाकडाच मारते.
ओस्मोनं माझ्याकडे पाहिलं नाही.
चांगला मुलगा आहे.

तिचं टेबल होतं तिथे आता आमची पलंगाची जोडी.
सिंकमध्ये टोमॅटोची रोपं, दहीच्या डब्यांतून.
आढ्याखालच्या ज्या दांडीवर
ती भोकाच्या भाकऱ्या ओवायची, वसंतापर्यंत पुरतील इतक्या,
तिथे ताइस्तोचे लोकरी मोजे वाळतात.
भट्टीच्या कट्ट्यावर तो पाय पसरून बसतो
आणि मधूनच म्हणतो, आई इथे उबेत होती हं.
मी म्हणते, लाकूड आपलंच होतं.

पुढच्या स्वयंपाकघरात ईरिस आहे, ओस्मोची.
तिची शेगडी विजेची, तिला धूर नाही.
कागद वगैरे काही केला नाही आम्ही.
गायी जाऊन बारा वर्षं झाली,
कशाचे दोन लिटर लिहिणार?

पहिल्या सकाळी ती दारातून आली.
दारातून.
शेल्फवरची किटली हातात घेतली,
गोड आहे म्हणाली, कुणाची?
मी म्हटलं, घरातली.
ती धुऊन, पुढे नेऊन
काठोकाठ भरून घेऊन आली.
रेघ कुठे आहे ते मलाच दिसेना.

ओट्सचं दूध होतं.
मला ते आवडत नाही.
अजून तिला सांगितलेलं नाही.