रकाना आठवा

भवानी पेठेत, लाकूड बाजाराच्या मागे
आमचं अध्यापक विद्यालय. दुसरा मजला.
दुपारी करवत सुरू झाली की
मी खिडकी लावून घेतो आणि मोठ्यानं वाचतो :
दहावीचे टक्के, बारावीचे टक्के,
माध्यम, वय, लिंग, प्रवर्ग, तालुका.
आठवा रकाना, वडिलांचं शिक्षण.

अठ्ठेचाळीस मुलं.
म्हणजे एकोणचाळीस मुली आणि नऊ मुलगे,
पण आपण मुलंच म्हणतो.

पानवलकर मॅडमना प्रबंध पुरा करायचाय.
टीईटीत कोण पास होईल ते
अर्ज निघायच्या आधीच सांगायचं.
संगणकाला दोन मिनिटं लागली नाहीत.
चहा आला तेव्हा निकाल तयार,
परीक्षा पाच महिने लांब.

ओळ एकतीस. लोहकरे सुगंधा किसन.
दहावी एकावन्न टक्के. आंबेगाव.
आठव्या रकान्यात आधी लिहिलेलं 'चौथी',
मग खोडून 'तिसरी'.
कोण तपासणार होतं?
शक्यता : शून्य पूर्णांक अठ्ठावीस.

हीच ती. सरावपाठाला
हातच्याची वजाबाकी शिकवताना
एका पोराला पीएमटीचा कंडक्टर केलं तिनं.
सुटे नाहीत म्हणून अख्खा वर्ग भांडला
आणि भांडता भांडता दहाची नोट मोडायला शिकला.
मी पंचवीसपैकी बावीस दिले होते.

"तो रकाना का नाही घेतला?"
मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे
सगळ्यांनाच बावीस असतात."

असतात.

निकाल लागला. अठ्ठेचाळीसपैकी एकेचाळीस
जसेच्या तसे. मॅडमनी पेढे वाटले.
मी मनातल्या मनात पैज लावली होती, यंत्र चुकेल.
सुगंधा तीन गुणांनी गेली.
कोंढव्याची शगुफ्ता बागवान, जी जाणार होती,
ती पास. प्रबंधात तिचं नाव 'अपवाद'.
अपवादानं दोन पेढे घेतले.

खाली वखारीतले मिस्त्री
फळीवर पेरं वाजवून सांगतात, गाठ इथं आहे.
मग रंध्याची दिशा बदलतात.
आम्हाला जूनमध्येच ऐकू आली होती गाठ.
आम्ही दशांश चिन्हापुढे दोन घरं
नीट लिहून ठेवली.

काल ती मूळ दाखले न्यायला आली.
"सर, पुढच्या वेळी हेच पुस्तक चालेल का?"
अठ्ठावीसचं तिला ठाऊक नाही.
साडेसहाला ये, म्हटलं, करवत थांबली की.
मानसशास्त्राचा पेपर आण, कुठे गेले तीन ते बघू.
"सातची मंचर गाडी चुकेल, सर."

मग आत्ताच बस, म्हटलं.
करवत चालूच होती.
दोघंही जरा ओरडूनच बोलत राहिलो.