चार घोडी असली तरच

कारंज्याचा अजीज नालबंद एका घोड्यासाठी येत नाही.
पेट्रोलच निघत नाही, म्हणतो,
चार घोडी असली तरच फोन करा.
बोरखडीत चार घोडी आहेत,
चार मालक,
आणि वैशाखापासून कुणी कुणाशी बोलत नाही.

ढोक्यांचा पंच्या, काळा, एका कानानं बहिरा,
होळीच्या रात्री खुंटा उपटून आमच्या अंगणात आला.
सरकी तेव्हा माजावर होती.
सकाळी देविदास ढोके दारात, हातात तुटकं दावं:
"तुमच्या घोडीनंच बोलावलं असंन त्याले."
मी कुटाराचं टोपलं घेऊन उभी.
घोडीच्या वतीनं काय बोलायचं असतं
ते सासऱ्यांनी शिकवलं नव्हतं.
खरारा कसा फिरवायचा ते शिकवलं,
तोबऱ्यात हरभरा किती मुठी,
पोट फुगलं तर बसू द्यायचं नाही,
चालवत राहायचं, उजाडेपर्यंत.
शेजारी फुगला तर काय, ते राहूनच गेलं.

मग तांड्यावरच्या शालिक राठोडनं
डिग्रसची वरात अठराशेत घेतली.
पारावर बसून चौघांनी तीन हजार ठरवले होते,
चहाचे पैसेही त्यानंच दिले होते त्या दिवशी.
राहता राहिले घाटोळ मास्तर.
त्यांचं तट्टू कामाचं नाही, हौसेचं.
त्यांचा राग एवढाच
की त्यांना कुणी भांडणात घेतलं नाही.

कार्तिक लागला.
तुळशीचं उरकलं की माणसांची लग्नं सुरू,
त्यांच्या घोड्यांना नाल हवे.
सरकी यंदा वरातीला जाणार नाही,
पण पोटातल्या वजनानं तिची खुरं फाकलेली,
सिमेंटच्या रस्त्यावर एक पाय वेगळाच वाजायचा.
पोरीला तीन घरी पाठवलं, एकच वाक्य देऊन:
बुधवारी अजीज येते.
येतो म्हणाले नाहीत.
येत नाही, असंही कुणी म्हणालं नाही.

हापशीजवळच्या निंबाखाली अजीजनं पोतं उघडलं.
रापी, कानस, सांडशी, मूठभर खिळे.
आम्ही चौघं चार दिशांना तोंड करून.
घोड्यांनी मात्र तोवर
एकमेकांची मानगूट खाजवायला घेतली होती.
"आपलं घोडं आपण नाही धरायचं," अजीज म्हणाला,
"मालक दिसला का ते लाडात येते, पाय देत नाही.
अदलाबदल करा."
मास्तरांच्या हाती राठोडचा घोडा आला,
मास्तर नवरदेवासारखे ताठ झाले.

माझ्या वाट्याला पंच्या.
आठ महिने ज्याला शिव्या दिल्या
त्यानं जबडा माझ्या खांद्यावर टेकला.
कडब्याचा वास, गरम.
बहिऱ्या कानात गोचीड होती, फुगलेली,
ती काढून मी टाचेखाली चिरडली.
ढोक्यांना सांगितलं नाही.

"खूर दीड महिन्यात वाढते," अजीज कापता कापता म्हणाला,
"तोंड त्याच्याहून लवकर."
राठोड खोकला.
कुणीतरी बिडी पुढं केली, कुणी ते पाहिलं नाही.

सरकीचा दोर ढोक्यांकडे.
पाय उचलला तशी ती कलली,
तिला सावरायला त्यांनी तळहात पोटाला लावला
आणि तिथंच ठेवला.
"हललं," ते म्हणाले.
कुणाला म्हणाले, कळलं नाही.
मी होळीपासूनचं वाक्य जिभेवर घेऊन होते,
शिंगरू आमच्या घोडीचं, आमच्या दारचं.
निघालं ते भलतंच:
"रात्री लय हलते."

अजीजला काही ठाऊक नव्हतं.
"संक्रांतीआधी येतो, चारच असतीन," त्यानं बोटं मोजली,
"होळीनंतर पाच."
हसले एकटे मास्तर.

दोर परत घेतला, घरी आले.
दाव्याची गाठ आमची नव्हती,
आमची उजवीकडून पडते.
संध्याकाळी कुटार टाकताना सोडायला गेले,
सुटेना.
राहू दिली. घट्ट बसते.